मेलेल्याला दिलेलं सोनं कुणाचं?

१४ ऑगस्ट १९३९. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या सटन या खेड्याच्या सभागृहात कॉरोनरची चौकशी भरली होती. कॉरोनर म्हणजे एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. पण जमिनीत सापडलेल्या सोन्याचांदीचा निवाडाही इंग्लंडमध्ये त्याच्याकडेच जायचा, आणि त्या दिवशी विषय सोन्याचा होता. १४ जणांच्या ज्युरीला एकच गोष्ट ठरवायची होती. तेराशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे सोनं जमिनीत ठेवलं, त्यांच्या मनात ते परत काढायचं होतं की नव्हतं?

ज्यांच्या मनाबद्दल हा प्रश्न होता त्यांची भाषा आजच्या इंग्रज माणसालाही शिकल्याशिवाय कळत नाही. त्यांनी या दफनाबद्दल एक ओळ लिहून ठेवलेली नाही. तरी त्यांच्या मनात काय होतं यावर त्या सोन्याचा आजचा मालक ठरणार होता.

या उत्खननावर २०२१ साली नेटफ्लिक्सवर 'द डिग' हा सिनेमा आला. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मीही त्याच वाटेने इथे पोचलो. पण नंतर वाचायला लागलो तेव्हा सोन्यापेक्षा या चौकशीतच जास्त अडकून पडलो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. 'असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर' अशा अटी लिहिण्यात माझा दिवस जातो. इथे तर एका राजाचं अख्खं थडगं अशाच एका अटीवर टांगलेलं होतं. ती अट मला पटेना, आणि का पटत नाही हे सांगताही येईना. हा लेख म्हणजे ते सांगण्याचा प्रयत्न.

आधी काय सापडलं ते बघू.

ठिकाणाचं नाव सटन हू. डेबेन नदीच्या वरच्या अंगाला, चढावर, गवताने झाकलेली मातीची दीडेक डझन टेकाडं. जमीन एडिथ प्रेटी या विधवा बाईंच्या मालकीची. या टेकाडांच्या पोटात काय आहे ते बघावं असं त्यांना वाटत होतं. त्यांनी इप्सविचच्या म्युझियमकडे विचारणा केली आणि तिथून बेसिल ब्राउन नावाचा माणूस आला. बाराव्या वर्षी शाळा सुटलेली, शेतावर कामं केलेली, पण माती वाचण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. पगार आठवड्याला ३० शिलिंग. १९३८ साली त्याने तीन टेकाडं उघडली. ती लुटारूंनी पूर्वीच धुऊन नेलेली होती.

मे १९३९मध्ये त्याने सगळ्यात मोठ्या टेकाडाला हात घातला. मदतीला प्रेटीबाईंचा माळी आणि शिकारीच्या रानाचा राखणदार. काही दिवसांतच लोखंडाचा एक गंजका खिळा दिसला. आदल्या वर्षी असे सुटे खिळे त्याने पाहिले होते, त्यामुळे तो जहाजाच्या फळ्या जोडणारा खिळा आहे हे त्याने ओळखलं. आणि त्याने तो उपटला नाही. तो तिथेच ठेवून त्याच्या भोवतीची वाळू हलक्या हाताने काढत गेला. मग पुढचा खिळा, मग त्याच्या पुढचा. लाकूड आम्लयुक्त वाळूत कधीच विरघळून गेलं होतं. पण फळ्यांचा आकार वाळूवर उमटून राहिला होता, आणि खिळे आपापल्या जागी होते. वाळू काढता काढता सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा ठसा उघडा झाला. जहाजच नसलेलं जहाज.

त्याच्या आधी दोन वेळा काय घडलं होतं तेही सांगायला हवं. काही शतकांपूर्वी खजिना शोधणाऱ्यांनी हेच टेकाड खोदलं होतं. पण मध्ययुगात शेतीसाठी टेकाडाचा एक कडेचा भाग कापला गेला होता, त्यामुळे वरून दिसणारा मध्य हा खरा मध्य राहिला नव्हता. त्यांचा खड्डा चुकला आणि थडगं वाचलं. पुढे १८६० साली तिथलंच दुसरं एक टेकाड खोदलं गेलं. त्यात ढीगभर लोखंडी खिळे निघाले, आणि ते घोड्यांचे नाल करायला लोहाराकडे पाठवल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली. म्हणजे ७९ वर्षांच्या अंतराने त्याच रानात तशाच प्रकारचे खिळे निघाले. एकदा त्यांचे नाल व्हायला गेले, एकदा त्यांच्यातून जहाज दिसलं.

जुलैमध्ये केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स आले आणि जहाजाच्या मध्यावरच्या दफनकक्षाचं काम त्यांच्या हाती गेलं. २१ जुलैला पेगी पिगट या तरुण पुरातत्त्वज्ञ बाईंना सोन्याची पहिली वस्तू सापडली. मग रांगच लागली. ४०० ग्रॅमहून जास्त वजनाचं सोन्याचं बक्कल. लाल गार्नेट जडवलेले खांद्यावरचे बंद. तलवार, ढाल. पाचशेहून जास्त तुकडे झालेलं शिरस्त्राण, जे पुढे दोनदा जोडावं लागलं, कारण पहिली जोडणी बरोबर नव्हती. बायझंटाईन सम्राट अनास्तासियसचे शिक्के असलेलं मोठं चांदीचं ताट. आणि एका थैलीत ३७ सोन्याची नाणी, प्रत्येक वेगळ्या टांकसाळीतलं. त्यासोबत नाण्याच्या आकाराच्या पण छाप नसलेल्या तीन चकत्या आणि दोन छोट्या लगडी. एका अभ्यासकाने असं सुचवलं की ३७ आणि ३ मिळून ४० होतात, म्हणजे ही ४० वल्हेकऱ्यांची मजुरी असावी आणि दोन लगडी सुकाणू धरणाऱ्यासाठी. हा तर्कच आहे. पण तो खरा असेल तर कुणीतरी बसून मोजलं होतं. मेलेल्या माणसाला पलीकडे न्यायला किती हात लागतील आणि त्यांना काय द्यावं लागेल, याचा हिशेब कुणीतरी केला होता.

मला स्वतःला सोन्याहून जास्त थांबवतात त्या साध्या वस्तू. कंगवे. पायातले जोडे. लाकडाचे छोटे पेले. बीव्हरच्या कातड्याच्या पिशवीत ठेवलेलं एक तंतुवाद्य. राजाला तिकडे करमणूक हवी, केस विंचरायला हवेत. या वस्तू ठेवणाऱ्याने त्या राजाचं रोजचं जगणं जवळून पाहिलेलं होतं.

आणि तो राजा? तो सापडलाच नाही. बहुधा पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड, असं मानतात. त्या वाळूत हाडंसुद्धा टिकत नाहीत. तिथे प्रेत ठेवलं तरी होतं का, यावरही बरीच वर्षं वाद होता. १९६०च्या दशकात पुन्हा उत्खनन झालं तेव्हा मातीत फॉस्फेटचं प्रमाण वाढलेलं आढळलं, आणि तिथे देह असावा या मताला बळ मिळालं. ज्याच्यासाठी हे सगळं ठेवलं होतं, तो आता मातीच्या तपासणीतला एक आकडा होता.

आता ज्युरीकडे वळू. इंग्लंडचा तेव्हाचा 'ट्रेझर ट्रोव्ह'चा नियम असा होता: सोनं किंवा चांदी कुणी परत काढायच्या बेताने लपवून ठेवली असेल आणि मालकाचा पत्ता नसेल, तर ती राजसत्तेची. पण परत घ्यायचा बेतच नसेल, म्हणजे वस्तू टाकून दिली असेल किंवा मेलेल्यासोबत कायमची ठेवली असेल, तर हा नियम लागू नाही. मग ती ज्याची जमीन त्याची. पुरातत्त्वज्ञांनी साक्ष दिली की एवढं मोठं जहाज नदीतून चढावर ओढत आणणं, खड्ड्यात उतरवणं, वर टेकाड रचणं, हे लपूनछपून होणारं काम नाही. ते सगळ्यांसमोर, शेकडो हातांनी झालं असणार. म्हणजे लपवलेलं नाही. म्हणजे परत घ्यायचं नव्हतं. ज्युरीने निकाल दिला: हे ट्रेझर ट्रोव्ह नाही. सगळं एडिथ प्रेटींचं.

कायद्याच्या चौकटीत निकाल अगदी बरोबर आहे. पण त्याचा तर्क जरा उलटा धरून बघा. एखाद्याने जिवाच्या भीतीने, 'नंतर येऊन काढीन' म्हणून सोनं पुरलं, तर त्याने त्यावरचा हात सोडला नाही असं कायदा मानतो आणि त्याच्या गैरहजेरीत राजसत्ता ते सांभाळायला पुढे येते. पण एखाद्या जमातीने आपल्या माणसाला, परत कधीच न घेण्याच्या निश्चयाने ते दिलं, तर कायद्याच्या लेखी ते बेवारस. ज्याने हात राखून ठेवलं त्याची मालकी जिवंत, आणि ज्याने मनापासून दिलं त्याचं देणं रद्द. जितकं पूर्ण दिलं तितकं ते घ्यायला मोकळं.

घोटाळा कुठे आहे ते मला माझ्या कामाच्या भाषेत दिसतं. एखादी गोष्ट एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करताना आपण दोन पावलं टाकतो. पहिल्याचं नाव काढायचं, दुसऱ्याचं घालायचं. दुसरं नाव यादीत नसेल तर पहिलं पाऊलही मागे घ्यायचं, वस्तू मूळ मालकाकडेच राहू द्यायची. म्हणजे कुठलीही वस्तू मधल्या मध्ये लटकत नाही. दफनात नेमकं हेच जमत नाही. देणाऱ्याने आपलं नाव काढलं, ते मनापासून काढलं, सगळ्यांसमोर काढलं. घेणाऱ्याचं नाव घालायला गेलो तर घेणारा मालक होऊ शकत नाही. आणि मागेही जाता येत नाही, कारण मागे घेणं म्हणजे दिलेलं मोडणं. वस्तू लटकते, आणि लटकलेल्या वस्तूला कायदा 'कुणाचीच नाही' म्हणतो.

पण 'कुणाचीच नाही' हे तिचं खरं वर्णन आहे का?

माझी आजी गेली तेव्हा घरात एक छोटा वाद झाला. पाटल्या आणि गळ्यातलं काढून झालं होतं. नाकातली चमकी राहिली होती. काका म्हणाले, काढून घ्या, सोनं आहे, जळून जाईल. आत्या म्हणाली, "आईला चमकीशिवाय कधी पाहिलंयस का तू? तिची आहे ती, जाऊ दे तिच्यासोबत." बाबा काही बोलले नाहीत. चमकी तशीच राहिली. गुरुजींच्या सांगण्यावरून तोंडात तुळशीपत्र आणि सोन्याचा कण ठेवला तो वेगळाच. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा चमकी कुणी शोधली नाही. ती राखेत असेल, वितळली असेल किंवा आमच्या आधी कुणाच्या हाताला लागली असेल. स्मशानातल्या राखेतून आणि घाटावरच्या पाण्यातून सोन्याचे कण शोधून पोट भरणारी माणसं असतात हे आत्यालाही माहीत होतं. कुणाला मिळाली तर मिळो, असंच तिला वाटलं असेल. पण तिने ती टाकून दिली नव्हती. तिने ती आईला दिली होती. टाकणं आणि देणं यांतला फरक त्या वेळी आमच्या घरातल्या शाळकरी पोरालाही कळत होता.

सटनच्या ज्युरीसमोर दोनच रकाने होते: लपवलेलं, नाहीतर सोडलेलं. आत्याने चमकीचं जे केलं, ते या दोन्हींत बसत नाही. तो तिसरा रकाना आहे: दिलेलं, अशाला दिलेलं की जो घेऊ शकत नाही.

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो हलका नाही. मेलेल्याला काही वाटत नाही. त्याला नफा नाही, तोटा नाही. ज्याला इजाच होऊ शकत नाही त्याचा हक्क कसला? एपिक्युरसने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं: मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. सटन हूच्या राजाचं तर शरीरही उरलेलं नाही. त्याचा ज्ञात वारस कुणी नाही, त्याचे देव कुणी पुजत नाही. तिथे हात घातल्याने नक्की कुणाचं काय बिघडलं?

मी हा आक्षेप मान्य करतो. मेलेल्याच्या भावना दुखावतात असं मला म्हणायचंच नाही. पण देण्याच्या कृतीत मेलेला एकटा नसतो. देणारे जिवंत होते. त्यांनी जहाज ओढलं, नाणी मोजली, कंगवा ठेवला, आणि वर मातीचा ढीग रचला. त्या ढिगाकडे नीट पाहा. लपवायचं असतं तर जमीन सपाट केली असती. टेकाड हे दिसण्यासाठीच असतं. नदीतून जाणाऱ्या प्रत्येकाला, पुढे येणाऱ्या प्रत्येक पिढीला ते सांगत होतं की इथे कुणीतरी आहे, आणि त्याला आम्ही काहीतरी दिलं आहे. हे सांगणं मेलेल्याला उद्देशून नव्हतं. ते मागे राहिलेल्यांना आणि पुढे येणाऱ्यांना, म्हणजे आपल्यालाही होतं. आपण ते ऐकलं की नाही, हा प्रश्न मेलेल्याला काही वाटतं की नाही यावर अवलंबून नाही.

आणि 'विचारायला कुणी उरलेलं नव्हतं' हे वाक्य दर वेळी खरंही नसतं. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने व्हर्जिनियात, रिव्हाना नदीजवळचं एक दफनटेकाड खोदलं आणि त्याचं वर्णन १७८०च्या दशकात छापलेल्या आपल्या पुस्तकात केलं. त्याने टेकाडातून उभा छेद घेतला, हाडांचे थर मोजले, लहान मुलांची हाडं ओळखली, हाडांवर शस्त्रांच्या खुणा नाहीत म्हणून ही लढाईत मेलेली माणसं नव्हेत असं अनुमान काढलं. त्या काळात इतक्या पद्धतशीरपणे कुणी खोदत नव्हतं, म्हणून पुरातत्त्वाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतात. पण त्याच वर्णनात तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मूळ रहिवाशांची एक टोळी त्या भागातून चालली होती. हमरस्ता सोडून, कुणालाही वाट न विचारता, रानातून ती थेट त्या टेकाडापाशी गेली. काही वेळ शोक करत थांबली आणि परत रस्त्याला लागली. या भेटीसाठी त्यांनी सहाएक मैलांची वाकडी वाट केली होती. जेफरसनला हे माहीत होतं. त्याने ते प्रामाणिकपणे लिहिलं. आणि टेकाड खोदलं. त्याच्यासाठी तो शोक म्हणजे टेकाड कुणाचं याचा एक पुरावा होता. त्यांना विचारायला हवं होतं असं त्याच्या वर्णनात कुठे येत नाही.

आपल्याकडेही पाहा. नागपूरजवळ जुनापाणीला दगडी वर्तुळांची शेकडो थडगी आहेत, लोहयुगातली, सटन हूपेक्षाही कित्येक शतकं जुनी. एकोणिसाव्या शतकात जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांतली काही खोदली. लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्याच्या लगामाच्या कड्या असं सामान निघालं, आणि त्यातलं काही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सटन हूचं सोनं आहे त्याच इमारतीत. सटनला निदान गावच्या सभागृहात प्रश्न तरी विचारला गेला. जुनापाणीसारख्या ठिकाणी गावकऱ्यांची ज्युरी बसवायची पद्धत नव्हती. पण हा दोष फक्त साहेबाच्या माथी मारून सुटका होत नाही. स्वातंत्र्यानंतर टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथली अशीच थडगी आपल्याच विद्यापीठांनी उघडली, आणि विदर्भाच्या लोहयुगाबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यातून आलं. खोदणारा आपला असला म्हणून दिलेल्या वस्तूचा प्रश्न मिटत नाही.

मग काय, खोदूच नये? असं मला म्हणता येत नाही. खोदलं नसतं तर त्या टेकाडातल्या माणसांबद्दल मला एक अक्षर कळलं नसतं आणि हा लेखही नसता. शिवाय जे खोदलं जात नाही ते सुरक्षित राहतं असंही नाही. नांगर असतो, लुटारू असतात, रस्त्याचं रुंदीकरण असतं.

मला वाटतं, उत्तर आपल्या गावांना आधीपासून माहीत आहे. अनेक खेड्यांत देवस्थानची इनामी जमीन असते. तिचा सातबारा काढा. मालक म्हणून देवाचं नाव असतं: मारुती, खंडोबा, भैरोबा. ज्याने जमीन दिली त्याने ती कायमची दिली, त्याच्या वारसांना ती परत मागता येत नाही. ज्याला दिली तो बोलत नाही, सही करत नाही. पण म्हणून ती जमीन बेवारस होत नाही. पुजाऱ्याचं नाव वहिवाटदार म्हणून लागतं. तो ती कसतो, तिच्यावर जगतो, पण ती विकू शकत नाही, आणि त्या बदल्यात दिवाबत्ती चालू ठेवणं हे त्याचं काम. या जमिनींवरून भानगडी खूप होतात, पण मूळ कल्पना भक्कम आहे. घेऊ न शकणाऱ्याला दिलेली गोष्ट जगात कशी ठेवायची, याचा तो तिसरा रकाना. मालक नाही, बेवारसही नाही. वहिवाट.

थडगं उघडणारा माणूस, जमिनीचा मालक, म्युझियम, सरकार, हे सगळे माझ्या मते वहिवाटदार आहेत. वहिवाटदाराची कामं लावून पाहिली तर सटन हूची गोष्ट वेगळी दिसायला लागते.

पहिलं काम: विकायचं नाही. निकालानंतर काही दिवसांतच एडिथ प्रेटींनी सगळा साठा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कायद्याने त्या पूर्ण मालक होत्या, विकल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. सहसा याला औदार्य म्हणतात. मला त्यात औदार्यापेक्षा अचूकपणा दिसतो. दिलेल्या गोष्टीशी दिल्यासारखंच वागायचं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

दुसरं काम: हिशेब ठेवायचा. उत्खनन हा असा प्रयोग आहे की जो पुन्हा करता येत नाही. एकदा काढलेली वाळू त्याच क्रमाने परत भरता येत नाही. लुटारू आणि उत्खनन करणारा दोघेही थडगं मोडतात. फरक इतकाच की दुसरा मोडताना लिहून ठेवतो, कुठली वस्तू कुठे होती, कशाच्या शेजारी होती. म्हणजे देणाऱ्याने कशी मांडली होती ते. हा हिशेब किती नाजूक असतो पाहा. जहाजाची तेव्हा केलेली मोजणी युद्धात नष्ट झाली. पण मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या दोन शिक्षिका १९३९च्या ऑगस्टमध्ये कॅमेरे घेऊन तिथे आल्या होत्या. त्यांनी काढलेले शेकडो फोटो राहिले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. त्यांनी आपणहून वहिवाटीचा एक भाग उचलला.

तिसरं काम सगळ्यात अवघड: काही दारं बंद ठेवायची. १९८०च्या दशकात मार्टिन कार्व्हर यांच्या हाताखाली सटन हूला पुन्हा मोठं उत्खनन झालं. पैसा, माणसं, यंत्रं, सगळं होतं. तरी त्यांनी ठरवून दफनभूमीचा काही भाग न खोदता ठेवला, पुढच्या पिढ्यांकडे चांगले प्रश्न आणि चांगली साधनं असतील म्हणून. कारण शास्त्रीय होतं, पण परिणाम नैतिक आहे. हाताशी सगळं असताना हात आवरणं.

त्याच उत्खननात आणखी एक गोष्ट निघाली, जिच्यासमोर माझा हा सगळा युक्तिवाद तपासून घ्यावा लागतो. टेकाडांच्या आसपास सुमारे चाळीस माणसं पुरलेली होती, बऱ्याच अंशी राजांच्या नंतरच्या काळातली. काहींचे हात बांधलेले, काहींची डोकी धडावेगळी. देहदंड दिलेली माणसं. हाडं नाहीत, वाळूत नुसते माणसाच्या आकाराचे काळपट ठसे. त्यांच्यासोबत कंगवा नाही, पेला नाही, वल्हेकऱ्यांसाठी नाणी नाहीत. त्यांना कुणी काही दिलं नव्हतं.

माझा मुद्दा फक्त 'दिलं होतं, म्हणून जपा' एवढाच असता, तर या माणसांचं काय? दिलेलंच नाही, म्हणून जपायचं कारण नाही? इथे मला माझा मुद्दा थोडा सरकवावा लागतो. सोनं नसेल तर कॉरोनरच्या त्या प्रश्नाला जागाच नव्हती. त्या ठशांवर कुणाचा हक्क, यासाठी कुठल्याही गावात ज्युरी बसली नसती. पण उत्खनन करणाऱ्यांनी तो एकेक ठसा राजाच्या जहाजाइतक्याच काळजीने उघडा केला, मोजला, त्याची नोंद केली. देणाऱ्यांनी जे नाकारलं, ते वहिवाटदाराने थोडं तरी दिलं. वहिवाट फक्त सोन्याची नसते, जागेची असते. त्या जागेत जो कुणी असेल त्याची ती असते.

तुमच्या-माझ्या हातात राजाचं थडगं यायची शक्यता नाही. पण गेलेल्या माणसाचा फोन, त्याचे फोटो, त्याने दुसऱ्याच कुणाला पाठवलेले व्हॉइस मेसेज आपल्या हातात येतात, आणि पासवर्ड माहीत आहे म्हणून ते आपले झाले असं वाटतं. ज्या सिस्टिम्स आम्ही लिहितो त्यांच्यातही असे दोनच रकाने असतात: मालक आहे, मालक नाही. तिसरा रकाना कुठल्याच कोडमध्ये घालता येत नाही. तो वापरणाऱ्याला स्वतःच्या वागण्यात ठेवावा लागतो.

सटनच्या त्या १४ जणांनी त्यांच्यापुढचा प्रश्न बरोबर सोडवला. देणाऱ्यांना ते परत घ्यायचं नव्हतं, हे त्यांनी नीट ओळखलं. त्यानंतरचा प्रश्न, परत न घेण्यासाठी दिलेली गोष्ट आपल्या हाती आली तर तिच्याशी कसं वागायचं, हा त्यांना कुणी विचारला नव्हता. तो कॉरोनरसमोर येत नाही. ज्याच्या हातात ती गोष्ट येते, त्याच्यासमोर येतो.